मोटारीची जागा आणि माणसाचे घर



नागरी गृहनिर्माणाची चर्चा होते तेव्हा दोन आकडे सहसा शेजारी शेजारी ठेवले जात नाहीत. २५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील कुटुंबासाठी ३० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्राचे घर निश्चित करण्यात आले. त्याच्या आठ वर्षे आधी, फेब्रुवारी २००७ मध्ये अधिसूचित झालेल्या दिल्लीच्या बृहत् आराखड्याने तळघरात एक मोटार उभी करण्यासाठी ३२ चौरस मीटर जागा गृहीत धरली होती. ही तुलना काटेकोर नाही. एक आकडा घराच्या भिंतींच्या आतील आहे, तर दुसऱ्यात मोटारीच्या ये-जा करण्याच्या मार्गिका, वळणे व उतार यांचा समावेश आहे. तांत्रिकदृष्ट्या दोन्ही आकडे योग्यच आहेत. तरीही पाच माणसांच्या कुटुंबासाठी शासन जेवढे घर देऊ इच्छिते त्याहून अधिक जागा एका मोटारीसाठी राखावी लागते, ही वस्तुस्थिती नगर नियोजनाच्या अभ्यासकांना क्षणभर थांबवणारी आहे.

बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या कालखंडासाठी नेमलेल्या तांत्रिक गटाने देशातील शहरी घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लाख इतकी काढली होती. त्यातील सुमारे ९६ टक्के तूट आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटांतील होती. २०११ च्या जनगणनेनुसार शहरांतील दर १०० कुटुंबांपैकी ३२ कुटुंबे एका खोलीत राहत होती आणि दर १०० शहरी कुटुंबांपैकी १० कुटुंबांकडेही मोटार नव्हती. पुढे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ग्रामीण व शहरी मिळून मोटार असलेल्या कुटुंबांचे प्रमाण शंभरात सुमारे आठ असल्याचे आढळले. असे असताना शहरांतील बहुतेक निवासी रस्त्यांच्या दोन्ही कडा मोटारींनी व्यापलेल्या दिसतात. संख्येने अल्प असलेल्या वाहनधारकांनी रस्त्याची एवढी जागा कशी व्यापली, तिचे मोल कोण देते आणि या व्यवस्थेचा घरांच्या उपलब्धतेवर काय परिणाम होतो, हा या विवेचनाचा विषय आहे.

तांगा आणि सायकलींसाठी आखलेले रस्ते

फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून व इतर भागांतून आलेल्या निर्वासितांसाठी दिल्लीत अनेक वसाहती उभारण्यात आल्या. लाला लजपत राय यांचे नाव धारण करणारी लाजपत नगर ही त्यांपैकी एक. भूखंड लहान, घरे एक-दोन मजली आणि गल्ल्या बेताच्या रुंदीच्या. त्या काळच्या नियोजनकारांसमोर सायकल होती, तांगा होता, फार तर एखादी स्कूटर होती. सर्वस्व गमावून आलेल्या कुटुंबाला डोक्यावर छप्पर देणे ही तेव्हाची निकड होती, आणि त्या निकषावर ही वसाहत यशस्वी ठरली, असेच म्हणावे लागेल.

पुढील अर्धशतकात त्याच भूखंडांवर तीन-चार मजले चढले. मूळ कुटुंबाच्या मुलांचे संसार वेगळे झाले, काही मजले विकले गेले, काही भाड्याने दिले गेले. एका घराच्या जागी चार घरे झाली. यात गैर काही नाही. वाढत्या शहरात मध्यवर्ती भागात अधिक माणसांना राहता येणे इष्टच असते. मात्र चार घरांबरोबर चार-पाच मोटारीही आल्या आणि भूखंडाच्या दर्शनी भागाची रुंदी होती तेवढीच राहिली. एक मध्यम मोटार सुमारे चार मीटर लांब असते. भूखंडाचा दर्शनी भाग सहा-सात मीटर असेल तर त्याच्यासमोर रस्त्यावर एकच मोटार नीट उभी राहू शकते. उरलेल्या मोटारी शेजाऱ्याच्या दारासमोर, वळणावर, पदपथावर आणि उद्यानाच्या कुंपणालगत जातात. ‘ही जागा आमची’ असे सांगणारी फुलझाडांची कुंडी, साखळी किंवा सिमेंटने भरलेला डबा रस्त्यावर येतो तो येथूनच. सार्वजनिक रस्त्यावर खासगी मालकी सांगण्याचा हा प्रकार दिल्लीपुरता नाही. पुण्याच्या पेठांपासून चेन्नईच्या जुन्या वस्त्यांपर्यंत तो आढळतो, आणि त्यावरून शेजारी शेजाऱ्याच्या अंगावर धावून गेल्याच्या बातम्या वृत्तपत्रांना नवीन राहिलेल्या नाहीत.

सहा मीटर रुंदीच्या गल्लीत दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या राहिल्या तर मध्ये जेमतेम सव्वादोन ते अडीच मीटर वाट उरते. अग्निशमन दलाचे मोठे वाहन साधारण तेवढ्याच रुंदीचे असते. म्हणजे दिवसा शांत व सुस्थितीतील भासणारी गल्ली रात्री आग लागली असता बंद गल्ली ठरते.

नियमांनी घातलेली अट

वाहनांच्या या गर्दीवर नगर नियोजनाने शोधलेला उपाय असा की, नवीन इमारत बांधणाऱ्याने ठरावीक प्रमाणात वाहनतळ बांधलाच पाहिजे. दिल्लीच्या उपरोक्त आराखड्यात सामूहिक गृहनिर्माणासाठी दर १०० चौरस मीटर बांधकामामागे दोन मोटारींच्या जागेचे प्रमाण ठेवण्यात आले. मोकळ्या जागेत एका मोटारीस २३, तळमजल्यावरील आच्छादित जागेत २८ आणि तळघरात ३२ चौरस मीटर असे माप धरण्यात आले. गणित सरळ आहे. दोन्ही मोटारी तळघरात ठेवायच्या झाल्यास १०० चौरस मीटर घरांमागे ६४ चौरस मीटर जागा मोटारींसाठी बांधावी लागते. खोदकाम, संरक्षक भिंती, पाणी उपसण्याची व्यवस्था, वायुवीजन हा सारा खर्च अखेर सदनिकेच्या किमतीत मिसळतो. ज्या कुटुंबाकडे मोटार नाही त्यालाही तो चुकत नाही, कारण पावतीवर तो वेगळा दिसत नाही.

अमेरिकेतील नगर नियोजनाचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात फुकट वाहनतळाच्या या छुप्या किमतीचा सविस्तर ऊहापोह केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत जगातील अनेक शहरांनी किमान वाहनतळाची सक्ती सोडून दिली होती. लंडनने २००४ मध्ये किमान मर्यादेऐवजी कमाल मर्यादा स्वीकारली. साओ पावलोने २०१४ च्या आराखड्यात आणि मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये तोच मार्ग धरला. तेथे विकासकाला किती मोटारींची जागा बांधलीच पाहिजे हे विचारले जात नाही. किती जागांच्या पलीकडे जाता येणार नाही हे सांगितले जाते. ही शहरे भारतीय शहरांसारखी नाहीत हे खरे. तथापि साओ पावलो व मेक्सिको सिटी ही प्रचंड गर्दीची आणि मोठ्या विषमतेची महानगरे आहेत, त्यामुळे त्यांचा अनुभव अगदीच गैरलागू म्हणून बाजूला सारता येत नाही.

मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत या बाबतीत एक तारतम्य होते. ३५ चौरस मीटरपर्यंतच्या चार सदनिकांमागे एकच मोटार धरण्यात आली होती आणि सदनिका जसजशी मोठी तसतसे प्रमाण वाढत होते. लहान घरावर मोटारीचा बोजा टाकू नये, हा विचार त्यामागे होता. मात्र त्याच मुंबईत २००८ नंतर सार्वजनिक वाहनतळ बांधून देणाऱ्या विकासकांना अतिरिक्त चटई क्षेत्र निर्देशांक देण्याची योजना आली. उत्तुंग इमारतींच्या पायथ्याशी अनेक मजल्यांचे वाहनतळ उभे राहिले. जमिनीपासून कित्येक मजले वर गेल्यावर पहिले घर लागते, अशी ही रचना. रस्त्यावरून चालणाऱ्याला दुकान, खिडकी, ओटा यांपैकी काहीच दिसत नाही. दिसते ती जाळीची भिंत. रस्त्यावर जागा फुकट मिळत असताना पैसे देऊन अशा वाहनतळात जाण्याची वाहनधारकाला गरज वाटत नाही, हा अनुभव एकट्या मुंबईचा नाही; बहुमजली वाहनतळ बांधणाऱ्या अनेक शहरांनी तो घेतला आहे.

इमारतीच्या खांबांमधील मोकळ्या जागेची, ज्याला बांधकाम व्यवसायात ‘स्टिल्ट’ म्हणतात तिची, कहाणी आणखी वेगळी आहे. ती मंजूर नकाशात वाहनतळ म्हणून दाखविली जाते. प्रत्यक्षात कोठे ती विकासकाने स्वतंत्रपणे विकली, तर कोठे तेथे दुकान, कार्यालय किंवा पहारेकऱ्याची खोली झाली. दहिसर येथील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निर्णय दिला की, स्टिल्टमधील जागा ही स्वतंत्र सदनिका नव्हे वा गॅरेजही नव्हे. ती संस्थेच्या सामाईक जागेचा भाग असल्याने विकासकाला वेगळी विकता येणार नाही. पुढे स्थावर संपदा अधिनियम, २०१६ मध्ये खुल्या वाहनतळाचा समावेश सामाईक क्षेत्रात करण्यात आला आणि गॅरेज म्हणजे छप्पर व तीन बाजूंना भिंती असलेली जागा, अशी व्याख्या आली. मोटारीच्या घराला छप्पर आणि किमान तीन भिंती हव्यात हे कायद्याला लिहून ठेवावे लागले. शहरातील कित्येक कुटुंबांना तेवढेही लाभलेले नाही, हा विचार व्याख्या वाचताना मनात आल्यावाचून राहत नाही.

रस्त्याची किंमत

इमारतीच्या आत वाहनतळाची सक्ती आणि इमारतीबाहेर रस्त्यावर फुकट जागा, अशी दुहेरी व्यवस्था आपल्या शहरांत रुजली आहे. दोन्ही गोष्टी एकमेकींचा हेतू निष्फळ करतात. बाहेर फुकट मिळते म्हणून आतली जागा इतर उपयोगात आणली जाते, आणि बाहेर कोंडी झाली की आतील सक्तीचे प्रमाण आणखी वाढवावे अशी मागणी होते.

रस्त्यावर एक मोटार उभी राहिली की सुमारे १२ चौरस मीटर सार्वजनिक जागा व्यापते. समजा, एखाद्या शहरात ३० चौरस मीटरच्या खोलीचे भाडे दरमहा ९,००० रुपये आहे, म्हणजे दर चौरस मीटरला ३०० रुपये. त्या हिशोबाने मोटारीने व्यापलेल्या जागेचे भाडे महिन्याला ३,६०० रुपये होईल. रस्ता म्हणजे बांधलेली खोली नव्हे, हे मान्य करून हा आकडा निम्म्यावर आणला तरी तो शून्य होत नाही. प्रत्यक्षात बहुतेक निवासी रस्त्यांवर आकारणी शून्यच आहे.

याउलट त्याच रस्त्यावर भाजीची हातगाडी लावणाऱ्याचे काय होते ते पाहावे. पथ विक्रेता अधिनियम, २०१४ अन्वये त्याचे सर्वेक्षण व्हावे लागते, त्याला विक्री प्रमाणपत्र घ्यावे लागते, शुल्क भरावे लागते आणि क्षेत्र ठरवून घ्यावे लागते. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्के ही त्यांच्या संख्येची कायद्याने घातलेली मर्यादा. रस्त्याच्या तुकड्यावर पोट भरणाऱ्याला इतके नियम आणि त्याच तुकड्यावर दिवसातील बावीस-तेवीस तास निश्चल उभ्या राहणाऱ्या मोटारीला कोणताही नियम नाही, ही विसंगती धोरणकर्त्यांच्या नजरेतून सुटली आहे असे नाही. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या वाहतुकीला प्राधान्य द्यावे असे म्हटले होते. शहरातील जमीन मौल्यवान आहे आणि वाहनतळाचे शुल्क त्या जमिनीच्या मूल्याशी सुसंगत असावे, असेही त्यात नमूद होते. धोरण होऊन दोन दशके झाली; निवासी गल्लीपर्यंत ते अद्याप पोहोचायचे आहे.

नव्या घरांना होणारा विरोध

या प्रश्नाची गृहनिर्माणाशी असलेली सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वांत कमी चर्चिली जाणारी, गाठ येथे आहे. प्रस्थापित वस्तीत नवीन मजल्यांना परवानगी देण्याचा प्रस्ताव आला की रहिवासी संघ विरोध करतात. पाणी, मलनिस्सारण, वीज या कारणांचा उल्लेख होतो आणि ती कारणे खोटी नसतात. परंतु सभेत आवाज चढतो तो ‘गाड्या कोठे लावायच्या?’ या प्रश्नावर.

हरियाणात स्टिल्ट अधिक चार मजले या धोरणाबाबत हेच घडले. गुरुग्राम, पंचकुला आदी शहरांतील रहिवाशांच्या विरोधानंतर राज्य शासनाने फेब्रुवारी २०२३ मध्ये अशा परवानग्या स्थगित केल्या आणि जुलै २०२४ मध्ये रस्त्याची रुंदी, शेजाऱ्यांची संमती यांसारख्या अटींसह त्या पुन्हा सुरू केल्या. सुमारे दीड वर्ष नवीन मजल्यांचा प्रश्न लोंबकळत राहिला. ज्यांना घर हवे होते ते या चर्चेत कोठेच नव्हते, कारण ते त्या वस्तीत अद्याप राहत नव्हते. सभेला येतो तो आधीचा रहिवासी. त्याला आपल्या दारासमोरची जागा जाईल याची भीती असते आणि ती जागा त्याला आजवर विनामूल्य मिळाली असल्याने तिच्या रक्षणासाठी तो नव्या शेजाऱ्याला नाकारतो. यात त्याला दोष देऊन भागणार नाही. जी वस्तू फुकट आणि मोजकी असते, तिच्यावरून भांडण होणे अटळ आहे.

म्हणूनच रस्त्यावरील वाहनतळाला मर्यादा घालणे हा गृहनिर्माण धोरणाचाच भाग मानला पाहिजे. नव्याने येणाऱ्या कुटुंबाच्या मोटारीला रस्त्यावर हक्क मिळणार नाही, त्याने ती स्वतःच्या इमारतीत किंवा भाड्याच्या वाहनतळात ठेवावी, अशी खात्रीशीर व्यवस्था असेल तर जुन्या रहिवाशाच्या विरोधाचे मोठे कारण नाहीसे होते. आणि मोटार नसलेल्या कुटुंबासाठी तळघराशिवायचे, म्हणून स्वस्त, घर बांधणे विकासकाला शक्य होते. रस्त्यावरील शिस्त नसताना इमारतीतील सक्ती काढून टाकणे मात्र घातक ठरेल. सारा भार गल्लीवर येईल. क्रम महत्त्वाचा आहे: आधी रस्त्याची शिस्त, मग नियमावलीतील सवलत.

जागेचा दाखला

मोटार घेण्यापूर्वी ती ठेवण्यास जागा असल्याचा पुरावा मागावा, ही सूचना वारंवार पुढे येते. जपानने १९६२ मध्ये तसा कायदा केला. मोटारधारकाला आपल्या निवासापासून ठरावीक अंतरात, पूर्वी ५०० मीटर व १९९१ पासून २ किलोमीटर, रस्त्याबाहेरची जागा असल्याचा दाखला पोलिसांकडून घ्यावा लागतो आणि रात्री आठ तासांहून अधिक काळ रस्त्यावर मोटार ठेवणे हा गुन्हा ठरतो. टोकियोच्या अरुंद निवासी गल्ल्या मोकळ्या दिसतात त्याचे रहस्य यात आहे. युद्धोत्तर जपानमध्ये मोटारींचा प्रसार सुरू होण्याच्या उंबरठ्यावरच हा कायदा झाला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. रस्ते भरण्याआधी नियम आला. भरल्यानंतर तो आणणे फार कठीण.

भारतात या दिशेने पाऊल उचलले ते डोंगराळ राज्यांनी. गंगटोक आणि ऐझॉल येथे उतारावरील वस्ती, एकच मुख्य रस्ता आणि पर्यायी मार्गाचा अभाव यांमुळे वाहन नोंदणीसाठी वाहनतळाचा पुरावा मागण्यात येऊ लागला. सपाटीवरील संपन्न महानगरांना जे सुचले नाही ते या लहान राजधान्यांना सुचले, कारण त्यांच्याकडे चूक करण्याइतकी जागाच नव्हती. महाराष्ट्रातही २०२५ मध्ये अशी अट घालण्याचा मनोदय शासनाने जाहीर केला.

या उपायाच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. दाखला देणारी यंत्रणा सचोटीची व सक्षम नसेल तर एकाच जागेवर तीन मोटारींचे दाखले निघण्यास वेळ लागणार नाही. याहून गंभीर बाब न्यायाची आहे. बंगला असणाऱ्याला पुरावा देणे सोपे आहे. झोपडवस्तीत राहून रिक्षा किंवा छोटा टेम्पो चालविणाऱ्याला ते जवळजवळ अशक्य आहे. त्याचे वाहन ही चैन नसून उपजीविका आहे. चाळीत, गावठाणात किंवा भाड्याच्या खोलीत राहून दुचाकीवर कामाला जाणाऱ्या कुटुंबाचीही तीच स्थिती. २०११ च्या जनगणनेत शहरी कुटुंबांपैकी सुमारे ३५ टक्के कुटुंबांकडे दुचाकी होती, आणि एका मोटारीच्या जागेत चार-पाच दुचाकी सहज मावतात. मोटार, दुचाकी आणि उपजीविकेचे वाहन यांना एकाच मापाने मोजणारा नियम गरिबांवरच उलटेल.

परवाना, शुल्क आणि लोकांचा विश्वास

२ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील निवासी भागांचे पदपथ पादचाऱ्यांसाठी मोकळे करण्याचे आदेश दिले आणि त्याच महिन्यात दिल्लीची वाहनतळ नियमावली अधिसूचित झाली. वस्तीनिहाय वाहनतळ आराखडा करणे, रस्त्यावरील शुल्क रस्त्याबाहेरील वाहनतळापेक्षा अधिक ठेवणे, पदपथावर वाहने उभी करण्यास मनाई आणि रुग्णवाहिका व अग्निशमन वाहनांसाठी मार्ग मोकळा ठेवणे या तिच्यातील ठळक तरतुदी. प्रारंभी ज्या वस्तीचा उल्लेख केला त्या लाजपत नगरच्याच एका विभागात प्रायोगिक आराखडा हाती घेण्यात आला. निर्वासितांना सामावून घेणाऱ्या वसाहतीने सात दशकांनी मोटारींना मर्यादा घालण्याच्या प्रयोगाची भूमी व्हावे, हा योगायोग बोलका आहे. प्रयोग एका वस्तीचा असला तरी त्यामुळे एक गोष्ट सिद्ध झाली: गल्लीतील प्रत्येक मोटार मोजता येते, जागा आखता येते आणि कोणत्या गल्लीत किती मोटारी मावतात हे नकाशावर दाखविता येते.

बंगळूरुच्या पार्किंग धोरणात निवासी रस्त्यांसाठी वार्षिक परवान्याची कल्पना मांडण्यात आली. लहान मोटारीस वर्षाला १,००० रुपये आणि मोठ्या मोटारीस ५,००० रुपये असे दर त्यात सुचविण्यात आले होते. ५,००० रुपये म्हणजे दिवसाला चौदा रुपयांहून कमी. अनेक ठिकाणी एक कप चहाही याहून महाग पडतो. तरीही या प्रस्तावावर टीका झाली. पुणे महानगरपालिकेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले तेव्हा विरोध इतका तीव्र होता की, ते प्रायोगिक तत्त्वावर पाच रस्त्यांपुरते मर्यादित ठेवावे लागले आणि त्या पाच रस्त्यांवरही अंमलबजावणी रखडली. कोलकात्यात रात्री रस्त्यावर मोटार ठेवण्यासाठी महानगरपालिका फार पूर्वीपासून शुल्क घेते, हे मात्र या विरोधाच्या चर्चेत क्वचितच आठवले जाते.

विरोध करणारे सारेच स्वार्थी असतात असे मानण्याचे कारण नाही. ‘बससाठी अर्धा तास उभे राहावे लागते, पदपथ खोदलेला आहे, मग मोटार ठेवू नका असे कोणत्या तोंडाने सांगता?’ हा त्यांचा सवाल रास्त आहे. गोळा झालेल्या शुल्काचे काय होते याविषयीचा अविश्वासही निराधार नाही. वाहनतळाच्या ठेकेदारीचा अनुभव नागरिकांनी घेतलेला आहे. म्हणून ज्या गल्लीतून शुल्क जमा होईल त्याच गल्लीच्या पदपथावर, दिव्यांवर आणि तेथून जाणाऱ्या बससेवेवर ते खर्च व्हावे आणि त्याचा हिशोब प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लागावा. ही अट शुल्काच्या दरापेक्षाही महत्त्वाची आहे. ज्याला आपल्या दारासमोरचा पदपथ दुरुस्त झालेला दिसतो, त्याचा विरोध हळूहळू मावळतो.

परवाना कोणाला व किती, हा प्रश्न दराइतकाच नाजूक. वाहनामागे परवाना देण्याऐवजी तो घरामागे देणे अधिक न्याय्य ठरेल. पहिला परवाना अल्प शुल्कात, दुसरा त्याच्या अनेक पट आणि तिसरा मुळीच नाही. भाडेकरूला मालकाइतकाच हक्क असावा, अन्यथा मालक स्वतःच्या दोन मोटारींसाठी भाडेकरूचा हक्क बळकावतील. रिक्षा व छोट्या मालवाहू वाहनांना मोटारींपेक्षा प्राधान्य असावे. परवान्यांची एकूण संख्या गल्लीत मावणाऱ्या जागांपेक्षा अधिक असता कामा नये. ज्या शहरांनी परवाने दिले पण संख्येवर मर्यादा घातली नाही, तेथे परवाना म्हणजे जागेचा शोध घेण्याची परवानगी एवढेच उरते. नवीन इमारतीतील, आणि विशेषतः मेट्रो स्थानकाजवळील, सदनिकांना रस्त्यावरील परवाना मिळणार नाही, हे घर विकत घेण्यापूर्वीच करारनाम्यात नमूद व्हावे. २०१७ च्या राष्ट्रीय परिवहनाभिमुख विकास धोरणात स्थानकांच्या परिसरात वाहनतळावर नियंत्रण अपेक्षिलेले आहे. त्याला घराच्या करारनाम्याची जोड मिळाली तरच ते नियंत्रण प्रत्यक्षात उतरेल.

या साऱ्याची सुरुवात कोठल्याही नव्या कायद्याशिवाय होऊ शकते. महानगरपालिकेच्या एका प्रभागात, पहाटे तीनच्या सुमारास, जेव्हा पाहुणे, ग्राहक व फेरीवाले यांची वाहने गेलेली असतात तेव्हा, रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटारींची गणना करावी. त्यानंतर त्याच गल्लीतील इमारतींचे मंजूर नकाशे काढून स्टिल्ट व तळघरांत किती जागा दाखविल्या होत्या आणि आज त्यांत काय आहे, याची प्रत्यक्ष पाहणी करावी. नकाशात वाहनतळ आणि जागेवर गोदाम असे जेथे आढळेल तेथे रस्त्यावरचा परवाना देण्यापूर्वी ती जागा मोकळी करून घ्यावी. दोन कनिष्ठ अभियंते, एक नकाशा आणि आठ-दहा रात्री एवढ्यात हे काम एका प्रभागापुरते पूर्ण होते. गल्लीत खरोखर किती मोटारी बेघर आहेत आणि किती मोटारींचे घर त्यांच्याच मालकाने दुकानाला भाड्याने दिले आहे, हे त्या नकाशावरून समजेल आणि नवीन घरांचा प्रस्ताव पुढच्या वेळी सभेत येईल तेव्हा चर्चेला निदान आकड्यांचा आधार असेल.